लघवीचा रंग कोण विचारणार? औषधे लिहून देणाऱ्यांना आणि हाती देणाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर आणि फार्मासिस्ट,

सप्रेम नमस्कार.

या पत्रातली मागणी लहान आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते. यकृताला इजा करू शकेल असे औषध लिहून देताना किंवा काउंटरवरून हाती देताना रुग्णाला दोन-चार साध्या वाक्यांत सांगा, की कोणती लक्षणे दिसली तर वाट न बघता त्याच दिवशी तुम्हाला गाठायचे. आणि त्याआधी त्याला विचारा, की या औषधाखेरीज तो आणखी काय काय पोटात घेतो. पुढे जे लिहिले आहे ती या मागणीची कारणे आहेत.

मी औषधशास्त्र शिकवते. यकृताला अपायकारक औषधांची यादी माझ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते आणि परीक्षेत ते ती न अडखळता लिहितात. पण ‘हे औषध घेणाऱ्या माणसाला तुम्ही काय सांगाल?’ असे विचारले की बहुतेक उत्तरे ‘दर महिन्याला रक्त तपासा’ इथे थांबतात. रक्त तपासणे हे तुमचे काम झाले. मधले एकोणतीस दिवस तो माणूस घरी एकटाच त्या औषधाबरोबर असतो, आणि त्या दिवसांसाठी त्याच्या हाती आपण काहीच दिलेले नसते.

औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेवर बहुतेक वेळा खास उतारा नसतो. पॅरासिटामॉलसारखे मोजके अपवाद सोडले, तर सर्वांत परिणामकारक उपचार एकच: ते औषध वेळेत थांबवणे. ‘वेळेत’ म्हणजे कधी, हे सर्वांत आधी ज्याला कळू शकते तो रुग्ण स्वतः. त्याची भूक गेली, त्याला मळमळते, लघवी चहासारखी गडद होते आहे, हे त्याच्याशिवाय कोणाला दिसणार? पण यातल्या कशाचा संबंध गोळीशी लावायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसेल, तर तो ते पित्त किंवा थकवा समजून सोडून देतो आणि गोळी मात्र नेमाने घेत राहतो. सांगितल्याप्रमाणे औषध न चुकता घेणारा रुग्ण इथे सर्वांत जास्त धोक्यात असतो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

यकृतावरच हा घाला का पडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत. तोंडाने घेतलेले जवळजवळ प्रत्येक औषध आतड्यातून शोषले गेल्यावर प्रतिहारी शिरेतून आधी यकृतात जाते आणि मग उरलेल्या शरीरात पसरते. चरबीत विरघळणारे पदार्थ लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत, म्हणून यकृतातले एन्झाइम त्यांचे रूप बदलून त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करतात. हे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात काही औषधांपासून मूळ औषधापेक्षाही जहाल असा एखादा मधला पदार्थ तयार होतो. दुसऱ्या टप्प्यात तो निकामी होऊन बाहेर टाकला जातो. पहिला टप्पा वेगाने आणि दुसरा संथपणे चालला, की तो जहाल पदार्थ यकृताच्या पेशींनाच जाऊन चिकटतो.

पॅरासिटामॉल हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. नेहमीच्या डोसमध्ये त्याचा बहुतांश भाग निरुपद्रवी होऊन बाहेर पडतो आणि अगदी थोड्या भागापासून एनएपीक्यूआय नावाचा जहाल पदार्थ बनतो. यकृतातला ग्लुटाथिओनचा साठा त्याला लगेच बांधून टाकतो. डोस फार वाढला की हा साठा संपतो आणि पेशी मरू लागतात. प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. वजन कमी असलेल्या, बरेच दिवस नीट न जेवलेल्या किंवा नियमित दारू घेणाऱ्या माणसाला त्याहून कमीच द्यावे लागते, कारण उपाशी शरीरात ग्लुटाथिओनचा साठा आधीच आटलेला असतो, आणि नियमित दारूमुळे जहाल पदार्थ बनवणारा एन्झाइम वाढलेला असतो.

या विषबाधेचा घटनाक्रम माणसाला फसवतो. पहिल्या चोवीस तासांत थोडी मळमळ, थोडा थकवा, कधी तेवढेही नाही. रक्तातील यकृताचे आकडे दुसऱ्या दिवसापासून चढू लागतात आणि इजा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोकाला पोहोचते. उतारा आहे आणि तो उत्तम आहे. एन-ॲसिटिलसिस्टीन यकृताला ग्लुटाथिओन पुन्हा बनवू देते आणि पहिल्या आठ तासांत सुरू केले तर इजा जवळजवळ पूर्ण टळते. उशीर झाला असला तरी ते द्यायचेच असते, पण लाभ तासागणिक घटतो. म्हणजे ज्या वेळी उपचार सर्वांत जास्त उपयोगी पडतो, नेमक्या त्याच वेळी रुग्णाला बरे वाटत असते. जास्त गोळ्या पोटात गेल्यात असे कळताच लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे लोकांना आधीच माहीत नसेल तर ते आठ तास असेच निघून जातात.

आणि हे सगळे आत्महत्येच्या प्रयत्नातूनच घडते असेही मानू नका. अमेरिकेत पॅरासिटामॉलमुळे तीव्र यकृत निकामी झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा जवळजवळ निम्म्या जणांनी ते अजाणता जास्त घेतले होते. कोणाला दातदुखी होती, कोणाला कंबरदुखी. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत दुसऱ्या वेदनाशामकाबरोबर पुन्हा पॅरासिटामॉल. तीन वेगळी नावे, तीन वेगळे रंग. रुग्णाच्या लेखी ती तीन औषधे असतात. त्यांची बेरीज त्याने करावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, कारण बेरजेसाठी लागणारे मूळ नाव पाकिटावर बारीक अक्षरात असते. काही देशांच्या नियामकांनी हा भार रुग्णावरून थोडा हलवला. ब्रिटनमध्ये १९९८ पासून एका पाकिटात फार्मसीत ३२ आणि इतर दुकानांत १६ गोळ्यांची मर्यादा आली. अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २०११ मध्ये चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांतील पॅरासिटामॉल प्रत्येक गोळीत ३२५ मिलिग्रॅमपर्यंत आणायला सांगितले. नियम आपल्या जागी आहेत, पण काउंटरवर तीन पाकिटे एकत्र ठेवली जातात तेव्हा तिथे उभे असता तुम्ही. फार्मासिस्ट मित्रांनो, ‘या तिन्हींत एकच औषध आहे, एकच घ्या’ हे तुमचे वाक्य एखाद्याचे यकृत वाचवू शकते.

पॅरासिटामॉलचा धोका आपण डोसच्या गणिताने तरी सांगू शकतो. दुसऱ्या प्रकारच्या इजेत तेही हाती नसते. तिथे डोस योग्य असतो, औषध योग्य असते, रुग्ण नियम पाळतो आणि तरीही हजारांत किंवा लाखांत एकाचे यकृत सुजते. आइसलंडमध्ये २०१० आणि २०११ अशी दोन वर्षे देशभरातील अशा रुग्णांची नोंद ठेवली गेली, तेव्हा वर्षाला दर लाख लोकांमागे सुमारे १९ नवे रुग्ण आढळले. सर्वांत वरच्या क्रमांकाला होते ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट, म्हणजे जगभर रोज लिहिले जाणारे प्रतिजैविक. ते घेणाऱ्या साधारण २,३५० जणांपैकी एकाला ही इजा झाली होती. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिन या औषधाच्या बाबतीत हेच प्रमाण १३३ पैकी एक इतके होते.

ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटबद्दल एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगते आणि तुम्हालाही सांगावीशी वाटते. त्याची कावीळ बऱ्याचदा कोर्स संपल्यानंतर येते, कधी काही आठवड्यांनी. घसा बरा झाला, गोळ्या संपल्या, रिकामी स्ट्रिप कचऱ्यात गेली, आणि मग अंगाला खाज सुटते. आता हा माणूस नव्या डॉक्टरकडे जातो. ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ असा प्रश्न येतो आणि तो अगदी प्रामाणिकपणे ‘कोणतीच नाहीत’ असे सांगतो. मग सोनोग्राफी होते, पित्तनलिकेत खडा आहे का ते पाहिले जाते, अनेक चाचण्या होतात. खरा प्रश्न होता ‘गेल्या तीन-चार महिन्यांत कोणती औषधे घेतलीत?’ चालू औषधांबरोबर बंद झालेल्या औषधांचीही तारीखवार चौकशी ही या आजाराच्या निदानाची अर्धी वाट आहे, कारण त्याला सिद्ध करणारी एकही रक्तचाचणी आपल्याकडे नाही. बाकीची कारणे एकेक करून वगळत आणि तारखा जुळवत तिथे पोहोचावे लागते. वगळण्यातही घाई नको. अमेरिकेत औषधी इजा म्हणून नोंदलेल्या रुग्णांचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा सुमारे ३ टक्के लोकांना प्रत्यक्षात हिपॅटायटिस ई, म्हणजे विषाणूमुळे होणारी कावीळ, झालेला निघाला.

ही इजा कोणाला होईल हे आधी का सांगता येत नाही? थोडा उलगडा जनुकांतून झाला आहे. फ्लुक्लॉक्सासिलिन या प्रतिजैविकामुळे यकृताला इजा झालेल्यांत एचएलए-बी*५७:०१ हा जनुकाचा प्रकार फार मोठ्या प्रमाणात सापडतो. पण तो प्रकार असलेले बहुसंख्य लोक तेच औषध घेऊन ठणठणीत राहतात, त्यामुळे सरसकट जनुक-चाचणीचा उपयोग मर्यादित राहतो. औषध बाजारात येण्याआधीच्या चाचण्यांवरही सगळी भिस्त ठेवता येत नाही. दहा हजारांत एकाला होणारा अपाय निदान एकदा तरी दिसेल अशी बरीचशी खात्री हवी असेल, तर साधारण तीस हजार लोकांना औषध देऊन पाहावे लागते. बहुतेक औषधे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतक्या लोकांवर तपासून बाजारात येतात. ट्रोग्लिटाझोन हे मधुमेहाचे औषध अमेरिकेत १९९७ मध्ये आले. चाचण्यांत सुमारे २ टक्के लोकांचे एएलटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, कमाल सामान्य पातळीच्या तिपटीपुढे गेले होते, पण यकृत निकामी होऊन दगावणारे रुग्ण दिसले ते लाखो लोक ते घेऊ लागल्यावर. ब्रिटनने ते त्याच वर्षी थांबवले, अमेरिकेत ते २००० पर्यंत विकले जात होते. मधल्या काळात दर महिन्याला रक्त तपासण्याच्या सूचना दिल्या गेल्या, त्या कडक केल्या गेल्या, आणि तरीही मृत्यू थांबले नाहीत, कारण काही रुग्णांत दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच इजा हाताबाहेर गेली.

म्हणून रक्ततपासणी आणि लक्षणे यांची जोडी तोडू नका. हायमन झिमरमन या अमेरिकी डॉक्टरांनी आयुष्यभर औषधजन्य यकृतरोगाचा अभ्यास केला. त्यांच्या निरीक्षणावरून एक नियम बनला, जो आजही नवी औषधे पारखताना वापरतात: औषधामुळे एएलटी कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून जास्त, सोबत बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग देणारे द्रव्य, दुपटीहून जास्त आणि दुसरे काही कारण सापडत नाही, अशा रुग्णांपैकी सुमारे दहा टक्के दगावतात किंवा त्यांना यकृत प्रत्यारोपण लागते. नुसते एएलटी वाढले तर पुष्कळदा यकृत औषधाशी जुळवून घेते आणि आकडा आपोआप उतरतो. त्यात कावीळ मिसळली की प्रकरण पूर्ण बदलते. डोळे पिवळे होण्याची वाट पाहणे म्हणजे या दहा टक्क्यांच्या गटात शिरण्याची वाट पाहणे.

आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध घेणाऱ्यांत हे फार स्पष्ट दिसते. दहा ते वीस टक्के लोकांचे एन्झाइम थोडे वाढतात आणि बहुतेकांचे औषध चालू असतानाच पूर्ववत होतात. मोजक्या लोकांत मात्र ते वाढतच जातात. १९७० च्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉल हिल परिसरात क्षयाचा संसर्ग पसरल्यावर २,३२१ जणांना प्रतिबंधासाठी आयसोनियाझिड दिले गेले. त्यातल्या १९ जणांना यकृतदाह झाला आणि दोघे मरण पावले. ती सगळी आजारी नसलेली, कामावर जाणारी माणसे होती, हे लक्षात घ्या. त्या घटनेनंतर लक्षणांवर नजर ठेवण्याला महत्त्व आले. आज क्षयाच्या औषधांसाठी सर्वमान्य रीत अशी आहे, की लक्षणे असतील तर एएलटी तिपटीपुढे आणि लक्षणे नसतील तर पाचपटीपुढे जाताच औषधे थांबवायची. या नियमातच रुग्णाच्या शब्दाला केवढे वजन दिले आहे, ते पाहा. ‘मला भूक लागत नाही’ या एका वाक्याने उंबरठा पाचावरून तीनावर येतो. पण ते वाक्य उच्चारण्याची गरज आहे हे त्याला माहीत असायला हवे ना!

क्षयाची औषधे रुग्णाने घाबरून कायमची सोडून देणे हाही तितकाच मोठा अनर्थ आहे, हे मी विसरलेले नाही. थांबवल्यावर यकृत सावरले, की देखरेखीखाली एकेक औषध पुन्हा सुरू करता येते आणि बहुतेकांचा उपचार पूर्ण होतो. ‘थांबव आणि लगेच माझ्याकडे ये’ या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याइतकाच ठासून सांगायचा असतो.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे येते, जिथे तुमच्या चिठ्ठीवर काहीच लिहिलेले नसते.

अमेरिकेत औषधजन्य यकृत इजेची नोंद ठेवण्यासाठी काही मोठ्या रुग्णालयांचे जाळे २००३ मध्ये उभे राहिले. त्यांच्या नोंदींत २००४ च्या आसपास वनस्पतिजन्य आणि आहारपूरक उत्पादनांमुळे झालेल्या इजा साधारण ७ टक्के होत्या. दहा वर्षांत तो वाटा २० टक्क्यांवर गेला. यात वजन घटवणारी मिश्रणे आहेत, स्नायू वाढवण्यासाठी विकली जाणारी उत्पादने आहेत, सांधेदुखीची आहेत. स्नायूंच्या उत्पादनांत लपवलेले किंवा उघडपणे घातलेले ॲनाबॉलिक स्टेरॉइड असले, की तरण्याताठ्या माणसाला महिनोन्‌महिने गडद कावीळ आणि झोप उडवणारी खाज सोसावी लागते. ग्रीन टीचा अर्क गोळीतून घेतला, की चहाच्या कपात कधीच न येणारे प्रमाण पोटात जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला, की त्यातला ईजीसीजी हा घटक पूरकांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेल्यास यकृताचे एन्झाइम वाढू लागतात. हळदीच्या अर्काबाबतही आता तसेच रुग्ण नोंदले गेले आहेत, विशेषतः शोषण वाढवण्यासाठी त्यात पाइपरिन हा मिरीतला घटक घातलेला असतो तेव्हा. पदार्थात घातलेली हळद आणि गोळीत दाबून भरलेला तिचा अर्क यांच्या मात्रेत आणि शोषणात मोठे अंतर आहे. रुग्णाला मात्र दोन्ही एकच वाटतात.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक ही समजूत खोडून काढताना आवाज चढवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. माणूस ही उत्पादने लपवतो ते बहुधा कोणीतरी एकदा त्याला झिडकारले असते म्हणून. ‘दुसरे काही औषध घेता का?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसते. प्रश्न वेगळा विचारा. ताकदीसाठी काही घेता का, वजनासाठी, झोपेसाठी, केसांसाठी, व्यायामाच्या आधी किंवा नंतर? कोणी घरून, मित्राकडून, इंटरनेटवरून काही आणून दिले आहे का? आणि पुढच्या वेळी डबा किंवा बाटली सोबत आणायला सांगा. नुसते नाव ऐकून पुरत नाही. त्याच अमेरिकी जाळ्याने रुग्णांकडून आलेली अशी उत्पादने प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा साधारण निम्म्यांच्या आत लेबलवर लिहिल्यापेक्षा वेगळे काही निघाले.

औषध आणि पूरक यांच्याही पलीकडे एक प्रश्न उरतो: काम काय करता? रंग, चिकट द्रव्ये, कृत्रिम चामडे, धातूंची सफाई अशा उद्योगांतल्या काही द्रावकांमुळे, जसे डायमिथिलफॉर्मामाइड, यकृताला इजा होते. अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या एका कारखान्यात व्हिनाइल क्लोराइड हा प्लास्टिकचा कच्चा माल हाताळणाऱ्या कामगारांत यकृताचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे १९७४ मध्ये जाहीर झाले, ते कारखान्याच्या डॉक्टरांनी तशा रुग्णांतला समान धागा पाहिला म्हणून. रानातून गोळा केलेल्या अळिंब्या खाल्ल्यावर सहा-बारा तासांनी सुरू झालेल्या उलट्या-जुलाबांनाही नुसती अन्नविषबाधा म्हणून घरी पाठवू नका. ॲमाटॉक्सिन हे विष असलेल्या अळिंबीच्या विषबाधेत दुसऱ्या दिवशी माणसाला बरे वाटते आणि तेवढ्यात यकृत आतून कोसळत असते.

तुमच्यापैकी अनेक जण या टप्प्यावर म्हणतील, की एवढे सगळे सांगितले तर रुग्ण औषधच घेणार नाही. ही भीती खोटी नाही आणि मी ती हलक्यात घेत नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनचेच पाहा. यकृताच्या भीतीने किती लोक ते अर्ध्यावर सोडतात, आणि स्टॅटिनमुळे गंभीर इजा तर इतकी विरळ आहे की २०१२ मध्ये एफडीएने ठरावीक काळाने यकृताची तपासणी करण्याची सूचनाच काढून टाकली. उपचार सुरू करण्यापूर्वी एकदा आणि पुढे लक्षणे आली तर, एवढे पुरे मानले. पण माझ्या मते भीती नेमक्या माहितीने वाढत नाही. ती वाढते पाकिटातल्या घडीच्या कागदाने, ज्यावर डोकेदुखीपासून मृत्यूपर्यंत चाळीस गोष्टी एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेल्या असतात. त्याच्या तुलनेत तुमच्या तोंडून आलेली चार वाक्ये माणसाला आधार देतात. ‘हे औषध तुम्हाला हवे आहे. बहुतेकांना याचा त्रास होत नाही. क्वचित एखाद्याच्या यकृताला ते मानवत नाही. भूक अचानक गेली, मळमळ टिकून राहिली, बरगड्यांखाली उजवीकडे दुखू लागले, अंगाला खाज आली किंवा लघवी गडद झाली, तर पुढची गोळी घेण्याआधी मला फोन करा.’ हे सगळे म्हणायला अर्धा मिनिट लागतो. ज्या औषधात अचानक थांबणे धोक्याचे आहे, उदाहरणार्थ फिटची औषधे, तिथे शेवटचे वाक्य बदला आणि ‘स्वतःहून थांबवू नका, पण त्याच दिवशी या’ असे सांगा. कोणत्या औषधाला कोणते वाक्य, हे ठरवणे तुमचेच काम आहे. ते रुग्णाच्या अंदाजावर सोपवू नका.

लघवीच्या रंगाबद्दल थोडे जास्त. यकृतातून बाहेर पडू न शकलेले बिलिरुबिन रक्तात साचू लागते तेव्हा त्याचा पाण्यात विरघळणारा भाग लघवीत उतरतो, आणि पुष्कळदा डोळे पिवळे दिसण्याच्या आधीच लघवी गडद झालेली असते. पित्त आतड्यात पोहोचत नसेल तर शौचाचा रंग मातकट, फिका होतो. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही आणि पैसा लागत नाही. लागते ते संकोच मोडणे. माणसे या विषयावर आपणहून बोलत नाहीत, विशेषतः म्हातारी माणसे आणि तरुण मुली. तुम्ही सहजपणे विचारलेत तर ती सहजपणे सांगतात. पुढच्या भेटीत रक्ताचा कागद हाती घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारा. आणि नातेवाइकांना एवढे सांगून ठेवा, की कावीळ असलेला माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला, दिवसा झोपेत राहू लागला किंवा हिरड्यांतून सहज रक्त येऊ लागले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. तेव्हा प्रत्येक तास मोलाचा असतो आणि प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाशी बोलणे त्याच दिवशी व्हायला हवे.

असा रुग्ण दिसला की नियामकाकडे कळवा, शंका असली तरी कळवा. जागतिक आरोग्य संघटनेचा औषधांच्या अपायांची नोंद करणारा कार्यक्रम १९६८ पासून चालू आहे आणि देशोदेशीच्या नोंदी स्वीडनमधल्या उप्साला येथील केंद्रात एकत्र येतात. पन्नास डॉक्टरांनी प्रत्येकी एकेक रुग्ण पाहिला आणि ‘योगायोग असेल’ म्हणून सोडून दिला, तर ते औषध एक्कावन्नाव्याला तसेच लिहून दिले जाते.

औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. बरे झाल्यावरचा एक धोका मात्र फार कमी वेळा बोलला जातो. ज्या औषधाने एकदा यकृताला इजा केली, ते पुन्हा पोटात गेले तर काही रुग्णांत इजा पहिल्यापेक्षा लवकर आणि जास्त जोराने येते. आणि ते पुन्हा जाणे किती सोपे आहे! दुसरे गाव, दुसरा डॉक्टर, वेगळा ब्रँड, मूळ औषध तेच. ‘मागे कसल्या तरी गोळीने कावीळ झाली होती’ एवढेच रुग्णाला आठवते. त्याची जुनी कागदपत्रे कोणत्या तरी रुग्णालयाच्या कपाटात असतात. क्षयाच्या औषधांसारखा जाणीवपूर्वक, देखरेखीखालचा अपवाद वेगळा. बाकी सर्वांसाठी, घरी सोडताना एक जाड कागद रुग्णाच्या हाती द्या. त्यावर औषधाचे मूळ नाव त्याला वाचता येईल अशा लिपीत लिहा, घेतल्याच्या आणि त्रास सुरू झाल्याच्या तारखा लिहा, त्याच कुळातली आणखी कोणती औषधे टाळायची ते लिहा, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘पुन्हा देऊ नये’ असे लिहून सही करा. फार्मासिस्ट मित्रांनो, तो कागद काउंटरवर ठेवला गेला, तर चिठ्ठीवरचा ब्रँड देण्याआधी त्यातले मूळ नाव त्या कागदाशी ताडून पाहा, आणि जुळले तर लिहून देणाऱ्याला तिथूनच फोन लावा.

आपली,
औषधशास्त्राची एक शिक्षिका